ओळखीचा खोकला

लिफ्टमध्ये मी खोकलो आणि चौथ्या मजल्यावर राहणारी सेक्रेटरीबाई पहिल्याच मजल्यावर उतरून गेली. नुसती उतरली असती तरी चाललं असतं. आधी तिने हाताला धरलेल्या मुलीचं तोंड स्वतःच्या पोटात दाबलं, मग बटण दाबलं, मग दार पुरतं उघडायच्या आत तिरकी होऊन बाहेर पडली, आणि जाता जाता ‘सॉरी हं काका’ म्हणाली. त्या सॉरीचंच जास्त लागलं. न बोलता गेली असती तर मी म्हटलं असतं, असेल बाईचं काही काम पहिल्या मजल्यावर. मी एकटाच वर निघालो. लिफ्टच्या आरशात मास्क लावलेला, हातात दुधाची पिशवी धरलेला एक म्हातारा उभा होता आणि त्याच्या डोक्याच्या वर त्याच बाईने चिकटवलेली सूचना होती. आज संध्याकाळी आवारात वार्षिक संमेलन. तापाची साथ चालू असल्यामुळे सर्वांनी मास्क लावावा, हात धुऊन यावं, खुर्च्या हलवू नयेत, हस्तांदोलन टाळावं. आणि ताप, सर्दी किंवा नवा खोकला असल्यास कृपया खाली येऊ नये. ‘नवा’ या शब्दाखाली तिने रेघ ओढली होती. त्या रेघेचं मला हसू आलं. ही बाई जन्माला आली नसेल तेव्हापासून मी खोकतोय. हसलो आणि हसताना पुन्हा खोकला आला, आणि आरशातला म्हातारा एका हाताने भिंत धरून उभा राहिला.

माझा खोकला पेन्सिलीच्या कारखान्यातला. माणसं पेन्शन घेऊन बाहेर पडतात, मी पेन्शन आणि खोकला दोन्ही घेऊन बाहेर पडलो. लाकडाच्या पातळ पट्ट्यांना खाचा पाडायच्या, खाचांत शिसं बसवायचं, वरून तशीच दुसरी पट्टी चिकटवायची आणि मग त्या जोडीतून एकेक पेन्सिल कापून सुटी करायची, असं ते काम. मी खाचा पाडायच्या मशीनवर होतो. तिथला भुसा पिठाहून बारीक. तो कपड्यांवर दिसायचा नाही, डोळ्यांत खुपायचा नाही, नुसता हवेत असायचा, आणि खिडकीतून ऊन आलं की आपण कशात उभे आहोत ते कळायचं. नाकाला फडकं बांधा म्हणून फोरमन रोज ओरडायचा आणि स्वतः कधी बांधायचा नाही. मग आम्ही कशाला बांधतोय? तेव्हा नाकतोंड झाकणं म्हणजे भित्रेपणा होता. आता म्हातारपणी, भुसा कधीच खाली बसून गेल्यावर, मी तोंड झाकून दूध आणायला जातो. बायको म्हणायची की माझ्या शर्टांना शाळेच्या पहिल्या दिवसाचा वास येतो. धुवायला टाकण्याआधी ती ते एकदा नाकाशी धरायची, आणि मी बघतोय असं दिसलं की घाम बघतेय म्हणायची. रंग न चढलेल्या, थोड्या वाकड्या निघालेल्या पेन्सिली कारखाना आम्हाला घरी नेऊ द्यायचा. त्या मी बिल्डिंगमधल्या पोरांना वाटायचो, म्हणून मी पेन्सिलकाका झालो. त्यातली कितीतरी पोरं त्या उघड्या लाकडाच्या पेन्सिलींनी बेरजा शिकून आता परदेशात आहेत. फोन केला तर अजून काकाच म्हणतात, आणि खोकला कसा आहे विचारतात, जणू तो माझा धाकटा भाऊ आहे.

आणि खरंच तो घरचाच होता. बिल्डिंगने त्याला लिफ्टच्या आधीपासून सांभाळून घेतलं होतं. संध्याकाळी फाटकातून आत आलो की पहिला खोकला आवारात, दुसरा जिन्याच्या वळणावर, आणि तिसऱ्याला माझ्या घराचं दार उघडलेलं. बेल मी कधी वाजवलीच नाही. पहिल्या मजल्यावरची ताई, जी आता स्वतः आजी आहे, तेव्हा परीक्षेचा अभ्यास करायची. माझा पहाटेचा खोकला ऐकला की तिची आई तिला उठवायची. दुसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच राहणारा पोस्टमन शपथेवर सांगायचा की एकदा दाट धुक्यात तो माझ्या खोकल्यामागून घरी आला. संमेलनाला तेव्हा आम्ही एक खेळ खेळायचो. आवारात दोरीवर चादर टाकायची, चादरीमागे एकाने जायचं, तोंडाने शब्द न बोलता एक आवाज करायचा आणि बाहेरच्यांनी माणूस ओळखायचा. पोस्टमन शिक्का मारल्यासारखी टाळी वाजवायचा. तळमजल्यावरची शिवणकाम करणारी वहिनी नुसती कात्री चालवायची. तिचा नवरा, माझा जिवलग, बसचा ड्रायव्हर, ओठ फुगवून असा काही हॉर्न काढायचा की रस्त्यावरची माणसं बाजूला व्हायची. मी मात्र चादरीमागे गेलो की काय आवाज काढावा या विचारातच मला खोकला यायचा आणि सगळं आवार एका सुरात माझं नाव घ्यायचं. शेवटी मला खेळातून काढलं आणि चादर धरायला ठेवलं. मग मीच चादर हलवून आतल्या माणसाची खूण देतो असा पोस्टमनने बोभाटा केला. त्या हसण्याची मला अजून आठवण येते. इतकी माणसं एकमेकांना चिकटून, एकाच सतरंजीवर, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, एकमेकांच्या पेल्यातलं पाणी पिऊन हसायची, आणि त्यातल्या कुणाला वाटलं नाही की आपण काही जपून वापरायची गोष्ट उधळतो आहोत.

घरी येऊन दूध तापायला ठेवलं. दूध उतू जाऊ नये म्हणून उभा राहिलो तर पाय दुखत होते. पायांचं काय, ते दुखतातच. पण सकाळी तोंड धुताना जो खोकला आला होता त्याबद्दल मी तेव्हापासून विचार करायचं टाळत होतो. माझा खोकला घशाच्या वरच्या खोलीत राहणारा. कोरडा, थोडा भांडखोर, तीनदा दार वाजवून परत जाणारा. सकाळचा तसा नव्हता. तो कुठूनतरी खालून आला. एकदाच आला, पण येताना त्याने बरगड्या उचलल्या, आणि गेल्यावर तोंडात नाणं चोखल्यासारखी चव ठेवून गेला. नंतर लिफ्टमधला तसाच. मी स्वतःला म्हटलं, रात्री खिडकी उघडी राहिली. मग म्हटलं, काल चादरी झटकल्या, त्याची धूळ. मग म्हटलं, त्या बाईने लिफ्टमध्ये नाटक केलं म्हणून उगाच मन खातंय. माणसाला कोणी चोर म्हटलं की तो स्वतःचे खिसे चाचपतो. टेबलाच्या खणात थर्मामीटर होता. मी खण उघडला, चष्म्याचं फडकं काढलं, आणि खण लावून टाकला.

बायको असती तर हा प्रश्नच आला नसता. तिला माझे खोकले वाचता यायचे. फाटकातला एक, कपडे काढताना एक, तिच्याशी भांडण झाल्यावर अबोला मोडायचा एक, पाहुण्यांनी उठावं म्हणून एक. सिनेमाच्या अंधारात मी पाणी आणायला गेलो आणि रांग चुकलो तर मी खोकायचो आणि ती हात वर करायची. एका हिवाळ्यात मी आठवडाभर जरा जास्तच खोकत होतो. कारखान्यात कुणी मान वर केली नाही, बिल्डिंगमध्येही नाही. सवयीच्या आवाजाकडे कोण बघतं? मलाही काही वाटलं नाही. एका संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत खोकलो आणि ती स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी येऊन दारात उभी राहिली. परत खोका बघू, म्हणाली. मी म्हटलं, मागितल्यावर येतो का तो. तेवढ्यात आला. तिने मान तिरकी करून ऐकला, आणि बाजारातून चुकीची भाजी आणल्यावर बोलायची त्याच सुरात म्हणाली, “हा कुठला उचलून आणलात?” दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात होतो, फुप्फुसाला सूज होती, आणि डॉक्टर म्हणाले की अजून थोडं थांबला असता तर अवघड होतं. मी तिला विचारलं, तुला कळलं कसं? ती म्हणाली, त्यात काय कळायचं, तुमचा नव्हता तो. मला तिची आठवण रोज येते, पण दूध तापवताना, तोंडात ती नाण्याची चव असताना आली तशी बऱ्याच दिवसांत आली नव्हती. मला त्या दारात कुणीतरी उभं हवं होतं.

खाली जायचं नाही असा विचार मी केलाच नाही. कारण तळमजल्यावरची वहिनी उद्या सकाळी जाणार होती. माझा जिवलग ड्रायव्हर केव्हाच गेला, त्यानंतर माझी बायको गेली, आणि आम्ही दोघं मागे राहिलेल्या सामानासारखे एकाच बिल्डिंगमध्ये राहत होतो. मी वर, ती खाली. मला भावोजी म्हणणारी जगात तेवढीच उरली आहे. गेल्या वर्षी तिला मोठा आजार निघाला. औषधांनी केस गेले, हात असे झाले की सुईत दोरा ओवता येईना. आता मुलगी तिला आपल्या गावी नेणार होती, कायमची. मोठ्या डॉक्टरांनी मुलीला बजावलं होतं की औषधांनी आईच्या अंगात झुंजायची ताकद ठेवलेली नाही, साधी सर्दीसुद्धा हिला झेपणार नाही. मुलगी म्हणाली, संमेलनाला बसायचं नाही. वहिनी म्हणाली, मग मी जात नाही तुझ्याबरोबर. शेवटी सेक्रेटरीबाईने तोडगा काढला. वहिनीच्याच दारासमोर, उघड्या हवेत, दोरी बांधून एक कोपरा केला, त्यात वहिनीची खुर्ची. आणि दोरीबाहेर, दोन हातांवर, आणखी एकच खुर्ची. ती माझ्यासाठी. वहिनीने तशी अटच घातली होती.

त्या खुर्चीचं एक कारण होतं. माझी बायको आणि वहिनी दुपारी उन्हं कलली की जिन्याच्या पायऱ्यांवर बसायच्या. वहिनीच्या मांडीवर कुणाच्या तरी झग्याची दुमड, बायकोच्या हातात काहीतरी निवडायचं. आणि दोघी हसायच्या. बोलण्याचे शब्द कधी ऐकू आले नाहीत, पण हसणं फाटकापर्यंत यायचं. खांदे हलतील असं, श्वास अडकेल असं हसणं. ते मी कधी पाहिलं नाही. कारण फाटकात मला खोकला यायचा, आणि मी वळणावर पोचेपर्यंत दोघी दोन साध्वींसारख्या खाली मान घालून काम करत असायच्या. काय चाललंय विचारलं तर बायको म्हणायची, काही नाही. आयुष्यभर विचारलं, आयुष्यभर काही नाही. ती गेल्यावर मी वहिनीला विचारलं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसलीसुद्धा, म्हणाली, सांगेन कधीतरी. मागच्या आठवड्यात तिच्या दाराबाहेर उभा राहून पुन्हा विचारलं, म्हटलं आता तरी सांगा, निदान फोनवर सांगा तिकडे गेल्यावर. ती म्हणाली, “फोनवर नाही हो सांगता यायचं ते, समोर बसूनच सांगावं लागेल, तोंड बघायचंय मला तुमचं. संमेलनाला या, शेजारी बसा, सांगते.” तेव्हापासून मी त्या संध्याकाळची लहान मुलासारखी वाट बघत होतो. बायको गेल्यापासून तिच्याबद्दल मला काहीही नवं कळलेलं नाही. जे आहे ते सगळं जुनं, माझ्याच हातांनी पुन्हा पुन्हा घडी घातलेलं. आणि इथे तिचं आख्खं हसणं शिल्लक होतं, मी न पाहिलेलं, आणि ते एका बाईच्या अंगात होतं जी उद्या सकाळी गाडीत बसणार होती.

दुपारी झोपलो. कधी नव्हे ते अंगावर पांघरूण घेतलं. उठलो तेव्हा खाली खुर्च्या मांडल्याचे आवाज येत होते. मी इस्त्रीचा शर्ट घातला, गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या आणि मुद्दाम खोकून पाहिलं. मुद्दाम खोकलेला खोकला काही सांगत नाही. तो कोरडा आला, तीनदा आला, अगदी माझाच. बघ, मी म्हटलं. आणि मास्क लावून निघालो. जिना उतरताना मात्र एका पायरीवर थांबावं लागलं, कारण डोळ्यांच्या मागे कुणीतरी दिवा लावल्यासारखं ऊन ऊन वाटत होतं. शेजारी बसणार तरी किती वेळ, मी हिशेब मांडला. हवा उघडी आहे, मध्ये दोन हात आहेत, तिच्याही तोंडाला मास्क, माझ्याही. तिला बोलताना जवळ झुकायची सवय आहे, पण मी मागे सरेन. माणसाला हवं असलं की त्याला किती छान युक्तिवाद सुचतात.

जिन्याच्या तोंडाशी सेक्रेटरीबाई टेबल लावून उभी होती. हातात ते कपाळाला दाखवायचं यंत्र, टेबलावर हात चोळायची बाटली, शेजारी जास्तीचे मास्क. दोन दोन हातांवर खुर्च्या, एकीच्या पाठीला दुसरी लागत नाही, आणि माणसं त्यांवर परीक्षेला बसल्यासारखी बसलेली. मला बघून ती जरा ओशाळली. यंत्र माझ्या कपाळासमोर धरलं. ते टुक् करून वाजलं आणि हिरवं झालं. ते कसलं मोजत होतं कुणास ठाऊक, पण त्यानेही माझीच बाजू घेतली. तरी ती हटली नाही. हळूच म्हणाली, काका, सकाळी लिफ्टमध्ये तुम्हाला खोकला होता ना. माझ्या आधी पोस्टमनच जवळच्या रांगेतून बोलला.

“अगं, त्याला खोकला नाही, खोकल्याला तो आहे.”

सगळे हसले. मग पहिल्या मजल्यावरच्या ताईने पहाटेच्या अभ्यासाची साक्ष काढली, कुणी धुक्याची गोष्ट सुरू केली, कुणी चादरीचा खेळ आठवला. जुनी माणसं खुर्च्यांवरच मागे वळून, दोन हातांचं अंतर न मोडता, एकमेकांच्या तोंडातली वाक्यं ओढून घेत होती. ज्या घरांत नवी माणसं आली होती तीही हसत होती. मला किती बरं वाटलं ते काय सांगू. सकाळचं सगळं धुऊन निघालं. सेक्रेटरीबाईचे कान लाल झाले. म्हणाली, मला माहीत नव्हतं काका, मी नवीन आहे, सकाळचं मनावर घेऊ नका. मग तिने यंत्र खाली ठेवलं आणि मास्कवरून माझ्याकडे सरळ पाहिलं.

“हा तुमचा नेहमीचाच ना? तेवढं तुम्ही सांगा. तुमच्या शब्दावर सोडते मी.”

पलीकडे, दोरीच्या आत, वहिनी दिसत होती. डोक्याला निळा रुमाल, अंगावर स्वतः शिवलेला लांब बाह्यांचा झगा, आणि ती इतकी लहान झाली होती की खुर्चीत बसवून ठेवल्यासारखी वाटत होती. मला बघून तिने दोरीबाहेरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. तिचे डोळे हसत होते. मी ‘हो’ म्हणायला श्वास घेतला, आणि खालून तो आला. मी तोंड फिरवलं, कोपरात खोकलो. बरगड्या उचलल्या गेल्या, नाण्याची चव आली. आणि मागे टाळ्या पडल्या. ‘आला बघा’ कुणी म्हणालं. पोस्टमनने तर जुन्या खेळातल्यासारखं माझं नाव मोठ्याने घेतलं, आणि दोघातिघांनी त्याच्याबरोबर. त्यांना तोच ऐकू आला होता. जो त्यांनी आयुष्यभर ऐकला, जो मुलांना पहाटे उठवायचा, जो धुक्यात वाट दाखवायचा, तोच. ती सगळी माझी माणसं होती, माझ्यासाठी भांडत होती, आणि त्या सगळ्या ओळखीच्या माणसांत माझा खोकला ओळखणारं आता कोणी नव्हतं. मला एकदम इतकं एकटं वाटलं की टेबलाची कड धरावी लागली.

“नाही,” मी म्हटलं. “हा सकाळपासूनचा आहे. हा वेगळा आहे.”

“वेगळा काय त्यात?” पोस्टमन म्हणाला. “तोच तर आहे.”

“तुला नाही कळायचं.”

हसणं एकदम थांबलं नाही, लांबच्या रांगांत ते थोडं चालूच राहिलं. जवळच्या रांगेत मात्र ताईने खुर्चीचे हात धरले. पोस्टमन उठून माझ्याकडे यायच्या बेतात होता तो तसाच अर्धवट उभा राहिला आणि मग बसला. मला त्याचा राग आला नाही. त्याचंही वय झालंय. सेक्रेटरीबाईने मात्र पाय मागे घेतला नाही. तिने माझ्यासमोर बाटली सरकवली, माझे हात चोळून होईपर्यंत थांबली, आणि मुलीला समजवावं तशा आवाजात म्हणाली की ती डॉक्टरांना आत्ता फोन करते, जेवण दाराशी ठेवते, आणि मला जमत असेल तर मी लिफ्टऐवजी जिन्याने जावं. इतक्या नाजूक वेळीही तिला लिफ्ट सुचली याचं मला मनातल्या मनात कौतुक वाटलं. वहिनीने मला जवळ बोलावलं नाही. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिचा हात रिकाम्या खुर्चीच्या दिशेने होता तो तिने मांडीवर घेतला.

“भावोजी,” ती म्हणाली, “ते राहिलंच की आपलं.”

“राहू दे,” मी म्हटलं. “तुम्ही सांभाळून जा.”

यापेक्षा काही चांगलं बोलता आलं असतं. जिना चढताना मला चांगली चांगली वाक्यं सुचली, एकेका पायरीवर एकेक. पण ती सांगायला पुन्हा खाली जायचं नव्हतं. रडू येत होतं हे खरं. इतक्या वर्षांनी बायकोची एक नवी गोष्ट मिळणार होती आणि ती मी माझ्याच तोंडाने परत केली होती. घरात आलो, स्टूल घेतलं आणि गॅलरीत बसलो. खाली कार्यक्रम सुरू झाला होता. पलीकडच्या भिंतीशी छोटं स्टेज, त्यावर कुणाची तरी मुलगी मास्क हनुवटीवर आणून गात होती, आणि सगळ्या खुर्च्या तिच्याकडे तोंड करून. माझ्याकडे सगळ्यांच्या पाठी. डोकी किती पांढरी झाली आहेत ते वरून कळत होतं. मला थंडी वाजायला लागली होती, पण आत जाववेना.

मग वहिनीने हात वर केला. सेक्रेटरीबाई तिच्याकडे धावली, दोरीबाहेरून वाकून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि सरळ होऊन वर माझ्या गॅलरीकडे पाहिलं. का म्हणून तिने विचारलेलं मला दिसलं नाही. तिने हात चोळले, दोरी उचलून आत गेली, वहिनीला दंडाला धरून उभं केलं, आणि खुर्ची फिरवली. स्टेजकडे पाठ, तोंड वर. जवळच्या दोघीतिघींना वाटलं तिला बरं वाटत नाहीये. त्या उठायला लागल्या. वहिनीने त्यांना हातानेच मागे सरायला सांगितलं, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा आणखी मागे. त्या खुर्च्या उचलून सरकल्या. सेक्रेटरीबाईसुद्धा दोरीबाहेर जाऊन लांब उभी राहिली. आपल्याभोवती पुरेशी हवा मोकळी झाली याची वहिनीने खात्री केली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि कानामागून दोरे काढून मास्क मांडीवर ठेवला.

किती महिन्यांनी मी तो चेहरा आख्खा पाहत होतो. गाल आत गेले होते, भुवया उरल्या नव्हत्या. मीही माझा मास्क काढला. तिला माझं तोंड बघायचं होतं. आणि मग ती हसायला लागली. स्मित नाही, खांदे हलतील असं, एक हात पोटावर धरून, मान मागे टाकून, मध्येच थांबून माझ्याकडे बोट करून पुन्हा. आवाज गाण्यात बुडाला होता, मला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि काय झालं म्हणून हसायच्या ते मला आता कधीच कळणार नव्हतं. पण तिच्या शेजारी दुसरी कोण बसायची ते मला ठाऊक होतं, आणि ती कशी हसली असेल ते मी बघत होतो. मला खोकला येत होता. बरगड्यांखाली तो कधीचा उभा होता. मी गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरला, दात दातांवर दाबले आणि तो आत धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी धरला, कारण इतकी वर्षं तो आला की त्या हसायच्या थांबत. वहिनी पोटभर हसली. डोळे पुसले, मास्क लावला आणि मला हात केला. मीही केला. मग आत आलो, गॅलरीचं दार लावून घेतलं, आणि खोकलो.